सर्पगंधेची परीक्षा

लेओनहार्ट राउवोल्फ नावाचा एक जर्मन वैद्य सोळाव्या शतकात आउग्सबुर्गहून निघाला आणि सीरिया-इराकपर्यंत झाडपाला गोळा करत हिंडला. हिंदुस्थानात तो आलाच नाही. तो वारल्यावर शंभरेक वर्षांनी, १७०३ साली, शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मगुरूने अमेरिकेकडच्या काही झुडपांना राउवोल्फचं नाव दिलं. पुढे आपल्याकडची सर्पगंधा त्याच प्रजातीतली निघाली, म्हणून तिच्याही कपाळी तेच नाव आलं: राउवोल्फिया सर्पेंटिना. ज्याने हे झुडूप आयुष्यात पाहिलं नाही त्याच्या नावाने ते जगभर ओळखलं जातं. श्रेय भलत्याच दारात जाऊन पडण्याचा हा पहिला प्रकार, आणि या गोष्टीत तो शेवटचा नाही.

झुडूप तसं नजरेत भरणारं नाही. फार तर कमरेइतकं उंच, एका पेरावर बहुधा तीन-तीन पानं, पांढरट-गुलाबी फुलांचा झुबका, आणि पिकल्यावर काळसर जांभळी होणारी फळं. कण्हेर, सदाफुली आणि आपली करवंदाची जाळी यांच्याच कुळातलं. मराठीत त्याला हरकी किंवा अडकई म्हणतात, पण आता ही नावं म्हाताऱ्या वैदूंच्या तोंडीच उरली असावीत. काम असतं ते मुळाशी. वाळलेलं मूळ मातकट पिवळ्या रंगाचं, वेडंवाकडं, सालीवर उभ्या सुरकुत्या. नावात गंध असला तरी त्याला वास जवळजवळ नसतो. जिभेवर ठेवलं तर मात्र कडूजहर.

या मुळाचा उपयोग लोकांनी कशाकशावर केला याची यादी लांबलचक आहे. सर्पदंश, ताप, पोटदुखी, अडलेलं बाळंतपण. पण उत्तरेत, विशेषतः बिहारात, त्याला सरळ 'पागल की दवा' म्हणत. पिसाळल्यासारखा वागणारा माणूस या मुळाने शांत होतो, हे तिथल्या बाजारातल्या जडीबुटीवाल्याला ठाऊक होतं. रडून हैराण करणाऱ्या पोराला झोपवण्यासाठी आयाबाया हेच चाटवत असत. म्हणजे घालमेल झालेल्या जिवाला शांत करण्याचा गुण या मुळात आहे, ही बातमी जुनी होती. विसाव्या शतकात एवढंच ठरायचं होतं की ही बातमी खरी कशावरून मानायची.

त्याआधी गोव्यातलं एक मुंगूस पाहून येऊ.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि तिथलाच झाला. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, ही आपल्या ओळखीची गोष्ट. १५६३ साली त्याने हिंदुस्थानातल्या औषधींवर एक पुस्तक गोव्यातच छापलं. ते संवादाच्या रूपात आहे: रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा विचारतो आणि ओर्ता सांगतो. त्यात सिंहलद्वीपातल्या 'नागाच्या लाकडा'ची हकिकत येते आणि तिच्याबरोबर मुंगसाचीही. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस हे मूळ खातं आणि मगच अंगावर जातं, असं लोक सांगतात. ते मूळ सर्पगंधेचं असावं असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. आपल्याकडेही मुंगूसवेलीची गोष्ट कुठल्या आजीने सांगितली नाही?

गोष्ट छान आहे, पण तिच्यात एक भोक आहे. मूळ खाल्लेलं मुंगूस वाचलं, हे सगळ्यांनी पाहिलं. मूळ न खाल्लेल्या मुंगसाचं काय झालं, हे कुणी पाहिलं? आज आपल्याला माहीत आहे की तेही बहुधा वाचतं, कारण मुंगसाच्या स्नायूंमधली नागाच्या विषाला बळी पडणारी जागा निसर्गानेच बदलून ठेवली आहे. मूळ खावो न खावो, विष तिथे नीट चिकटत नाही. त्या दुसऱ्या मुंगसाला शोधायला वैद्यकाला ओर्ताच्या पुस्तकानंतर जवळजवळ चारशे वर्षं लागली.

आता १९३१ साल. या एका वर्षात सर्पगंधेवर देशाच्या दोन टोकांना दोन कामं छापून आली. दिल्लीला हकीम अजमल खान यांच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बी कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी हा फ्रँकफर्टहून रसायनशास्त्र शिकून आलेला तरुण काम करत होता. देशी औषधं आधुनिक प्रयोगशाळेतून तावून सुलाखून घ्यावीत ही हकीमसाहेबांची तळमळ. ते १९२७ मध्येच गेले होते, पण सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून पाच स्फटिकरूप अल्कलॉइड वेगळी काढली, तेव्हा त्यांपैकी तिघांची नावं त्यांनी हकीमसाहेबांवरून ठेवली. त्यांपैकी अजमलीन हे हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारीत अजूनही डॉक्टरांच्या हाती असतं. राउवोल्फला मिळालेल्या नावापेक्षा हे नाव मला जास्त न्यायाचं वाटतं.

दुसरं काम कलकत्त्याचं. गणनाथ सेन हे आयुर्वेद आणि पाश्चात्य वैद्यक दोन्ही शिकलेले कविराज, आणि त्यांच्या जोडीला कार्तिकचंद्र बोस. दोघांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये लिहिलं की सर्पगंधा हे वेडावरचं आणि वाढलेल्या रक्तदाबावरचं नवं भारतीय औषध आहे. वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसातून दोनदा, म्हणजे एका वेळेस साधारण दीड-दोन ग्रॅम. त्याने झोप लागते, दाब उतरतो, आरडाओरडा आणि मारझोड थांबते. पंचवीस वर्षांनी अमेरिकेत जे डोक्यावर घेतलं जाणार होतं ते सगळं इथे लिहिलेलं आहे. नाही ते एवढंच: किती रोग्यांना दिलं, किती जणांना गुण आला, किती जणांना नाही, आणि ज्यांना दिलंच नाही त्यांचं काय झालं. दुसरं मुंगूस इथेही नाही. पण त्यावरून सेन-बोसांना कमी लेखण्यात अर्थ नाही. त्या काळी लंडन-पॅरिसचे डॉक्टरही असेच लिहीत.

कलकत्त्याने एक बारकी गोष्ट मात्र हेरली होती. रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या मुळाचा प्राण्यांवर अभ्यास करत होते. त्यांच्या आणि पुढच्या मंडळींच्या लक्षात आलं की बिहारचं मूळ आणि देहरादूनचं मूळ यांचे गुण एकसारखे नाहीत. १९४४ मध्ये गुप्ता, काहाली आणि दत्त यांनी बिहारच्या मुळातून निघणाऱ्या राळेसारख्या चिकट भागाला झोप आणण्याचा गुण आहे असं दाखवलं. सिद्दीकींनी काढलेले स्फटिक स्वच्छ, सुंदर होते, पण शांतवणारं द्रव्य त्यांत नव्हतं. ते त्या राळेत दडून बसलं होतं. स्फटिक मिळाल्यावर उरलेला चिकटा फेकून द्यायचा ही रसायनशाळेतली जुनी सवय, आणि ऐवज नेमका त्या चिकट्यात होता.

मधल्या काळात मूळ बाजारात आलं होतं. देहरादूनच्या हिमालया ड्रग कंपनीने १९३४ मध्ये त्याची 'सर्पिना' नावाची गोळी काढली. ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना हे मूळ चारून शांत करतात असं संस्थापकांनी पाहिलं, तिथून कल्पना सुचली, अशी कंपनीची आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, हत्तीचीही साक्ष मुंगसाच्याच जातीची.

मुंबईच्या परळ भागातलं केईएम रुग्णालय. इथे रुस्तम जाल वकील यांची गाठ पडते. जन्म १९११, शिक्षण विलायतेत, परत येऊन मुंबईत हृदयरोगाची प्रॅक्टिस. त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरच्या हातात होतं तरी काय? मीठ तोडा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या. फारच झालं तर पाठीच्या कण्याशेजारच्या नसा कापायची मोठी शस्त्रक्रिया. वकील सर्पगंधा अनेक वर्षं वापरत होते. १९४९ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'ला एक लेख पाठवला: रक्तदाबाचे ५० रुग्ण, चार आठवडे सर्पगंधेच्या गोळ्या. ८५ टक्के रुग्णांचा वरचा दाब उतरला, ८१ टक्क्यांचा खालचा.

लेख सहा पानांचा. पण तो इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला, त्यात ५० हा आकडा होता, शेजारी टक्केवारी होती, आणि तो जगाने वाचला. अठरा वर्षं कलकत्त्याच्या कपाटात पडून असलेलं ज्ञान एका लेखाने जहाजावर चढवलं. वकिलांची हुशारी मला इथे दिसते. या मुळाचे दोन गुण सांगितले जात होते, दाब उतरवणं आणि मन शांत करणं. त्यांनी मोजता येईल तो निवडला. रक्तदाबाला पाऱ्याचा खांब असतो. काळजीने पोखरलेल्या माणसाची धास्ती आज किती मिलिमीटर आहे हे सांगणारा पारा कुणी बनवलेला नाही.

लेख बोस्टनला रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला. त्यांनी गोळ्या मिळवल्या आणि १९५० पासून आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली. दाब उतरत होता, पण हळूहळू आणि बेताचाच. चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रुग्ण निवांत झाले होते. झोपेच्या गोळ्यांनी माणूस जसा गुंगीत जातो तसे नाही. जागे, शुद्धीवर, कामाला जाणारे, पण जिवाला लागलेली टोचणी गेलेली. विल्किन्स यांनी हे छापलं तेव्हा अमेरिकेतल्या औषधकंपन्यांचे कान टवकारले. युद्ध नुकतंच संपलेलं, अणुबाँबची धास्ती, नव्या वसाहती, नव्या नोकऱ्या. धास्तावलेल्या गिऱ्हाइकाची तिथे वाण नव्हती.

स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात सीबा कंपनीची माणसं त्या राळेच्या मागे लागलीच होती. योहानेस म्युलर, एमिल श्लिटलर आणि ह्यूगो बाइन या तिघांनी १९५२ मध्ये तिच्यातून एक शुद्ध द्रव्य काढलं आणि त्याला रिसर्पिन नाव दिलं. पहिल्याच लेखाच्या मथळ्यात त्याची ओळख 'सर्पगंधेतलं शामक द्रव्य' अशी होती. आता दोन ग्रॅम कडू चूर्णाऐवजी पाव मिलिग्रॅमची गोळी पुरेशी होती. म्हणजे वजनात आठ हजार पटींचा फरक. गोळीचं नाव 'सर्पासिल'. सर्प तेवढा राहिला, गंध गेला.

तिच्यासाठी शब्दही नवा लागला. झोपेचं औषध म्हणावं तर माणूस झोपत नव्हता. त्याला हाक मारली की तो ओ देत होता. सीबाचे अमेरिकेतले संशोधक फ्रेडरिक योंकमन यांनी १९५३ मध्ये या परिणामासाठी 'ट्रँक्विलायझर' हा शब्द रूढ केला. आज तो शब्द आपण कुठल्याही गुंगीच्या गोळीला लावतो. त्याचा उगम आपल्याच हरकीच्या मुळाशी आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

वेडाच्या बाजूची बातमी अमेरिकेत पोचली ती अहमदाबादमार्गे. तिथल्या डॉ. आर. ए. हकीम यांनी सर्पगंधेने मानसिक रुग्णांवर केलेल्या उपचारांचा निबंध १९५३ मध्ये बडोद्याच्या वैद्यकीय परिषदेत वाचला, त्याला सुवर्णपदक मिळालं, आणि ती बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापली गेली. न्यूयॉर्कजवळच्या ऑरेंजबर्ग गावातल्या रॉकलँड स्टेट हॉस्पिटलचे नेथन क्लाइन हे त्या बातमीच्या मागे लागले. हजारो मनोरुग्ण कोंबलेलं ते रुग्णालय. क्लाइन यांनी सातशेहून अधिक रुग्णांना मूळ किंवा रिसर्पिन दिलं आणि १९५४ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीपुढे हकिकत मांडली.

त्या हकिकतीतला सगळ्यांच्या लक्षात राहिलेला साक्षीदार डॉक्टर नव्हता. तो रुग्णालयात खिडक्यांच्या काचा बसवणारा कारागीर होता. क्लाइन सांगत की औषध सुरू झाल्यावर काचा फुटण्याचं प्रमाण घटलं, आणि कोणता वॉर्ड शांत झाला आहे हे त्या कारागिराला सगळ्यांत आधी कळलं. रोज हातात पुट्टी घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या हिशोबात खोट कशाला असेल? त्याला रिसर्पिनशी देणंघेणं नव्हतं, क्लाइन यांच्या कीर्तीशी तर नव्हतंच. त्याच काळात कॅलिफोर्नियात मोडेस्टोच्या रुग्णालयात रॉबर्ट नोस यांनाही असेच अनुभव येत होते.

पण काच मोजण्याची पद्धत कितीही भाबडी आणि प्रामाणिक असली तरी ती दंग्याचं माप आहे. काचा फोडणारा रुग्ण वेगळा आणि रात्री तीन वाजता छातीत धडधड होते म्हणून उठून बसणारा, ऑफिसात निघताना दाराची कडी चारदा तपासणारा, लेकीला यायला दहा मिनिटं उशीर झाला की अपघाताचं चित्र रंगवणारा वेगळा. तो काच फोडत नाही. तो शांतपणे बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसतो. त्याच्यासाठी रिसर्पिन चांगलं की वाईट, हे अजून कुणी नीट विचारलंच नव्हतं.

मध्येच एक मोठं वळण येतं ते सांगून टाकतो, कारण ते टाळून पुढे जाणं अन्याय होईल. १९५५ मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये प्लेचर, शोर आणि ब्रोडी यांनी दाखवलं की रिसर्पिनने शरीरातला सेरोटोनिन या संदेशवाहक पदार्थाचा साठा रिता होतो. पाठोपाठ स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन टोचलं. ससे दगडासारखे निश्चल बसले, कान पडलेले. मग ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं ते एल-डोपा त्यांना टोचलं आणि काही मिनिटांत ते पुन्हा हिंडू लागले. मेंदूतलं डोपामिन संपलं की हालचाल थिजते आणि भरून दिलं की परत येते, हे यातून उमगलं. पार्किन्सनवरचा आजचा मुख्य उपचार या सशांपाशी सुरू होतो. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. रिसर्पिन नेमकं करतं काय? मज्जातंतूच्या टोकाशी हे संदेशवाहक पदार्थ इवल्या पिशव्यांत साठवलेले असतात. त्या पिशव्या भरणारा पंप रिसर्पिन बंद पाडतं. साठा हळूहळू संपतो, म्हणून गुण यायला वेळ लागतो. आणि नव्या पिशव्या तयार होईपर्यंत तो टिकतो, म्हणून गोळी बंद केल्यावरही परिणाम बरेच दिवस रेंगाळतो.

आता लंडनचं मॉड्सली हॉस्पिटल. इथे डी. एल. डेव्हिस आणि मायकेल शेपर्ड या दोघांनी तो राहिलेला प्रश्न विचारला. शेपर्ड तेव्हा तिशीतले. मानसोपचारात 'मला असं वाटलं', 'माझ्या अनुभवात' या शब्दांवर बरंच काही चालून जातं, याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. शहरात दुसरीकडे ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या आखणीने झालेली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी १९४८ मध्ये छापून आली होती. औषध कुणाला आणि कुणाला नाही हे डॉक्टरने ठरवायचं नाही, ते नशिबावर सोडायचं, ही त्यातली कळ. ती मनाच्या आजाराला लागू पडेल का?

ते कसं केलं हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. रुग्ण घेतले ते चिंतेने आणि खिन्नतेने ग्रासलेले, घरून ये-जा करणारे. काचा फोडणारे नव्हेत. गोळ्या दोन प्रकारच्या, दिसायला हुबेहूब: एकीत रिसर्पिन, दुसरीत काहीच नाही. कुणाला कोणती मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने आधीच ठरलेलं. रुग्णाला ठाऊक नाही, आणि त्याची तब्येत तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. गुपित वेगळं ठेवलेलं. दर भेटीला तेच प्रश्न: झोप कशी आहे, धडधड होते का, घालमेल किती, उदासी किती. उत्तरं लिहायची. सगळं आटोपल्यावर मगच कोणाकडे काय होतं ते उघडायचं.

आता विचार करा, डॉक्टरला हे किती जड गेलं असेल. समोर थरथरणारा माणूस बसला आहे, त्याला आपण गोळी देतो आहोत, आणि तिच्यात औषध आहे की नुसता भुसा हे आपल्यालाच ठाऊक नाही. परंपरेने वैद्य म्हणजे जाणता. इथे तो मुद्दाम अजाण होऊन बसला होता. पण चिंतेच्या आजारात याला पर्यायच नव्हता. धास्तावलेला माणूस नुसत्या धीराच्या शब्दानेही निम्मा बरा होतो, पांढरा कोट पाहून होतो, दर आठवड्याला कुणीतरी आपली विचारपूस करतं एवढ्यानेही होतो. त्यातला गोळीचा वाटा वेगळा काढायचा तर कोऱ्या गोळीची माणसं शेजारी हवीत. ओर्ताच्या गोष्टीत नसलेलं दुसरं मुंगूस अखेर मॉड्सलीच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन बसलं.

निकाल १९५५ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. रिसर्पिन घेतलेले रुग्ण कोऱ्या गोळीवरच्या रुग्णांपेक्षा बरे ठरले. चिंता कमी झाली होती, आणि औषधाने खिन्नता वाढवल्याचं चित्र त्यात दिसलं नाही. मानसोपचारातल्या अगदी पहिल्या काही यादृच्छिक चाचण्यांपैकी ही एक. बिहारच्या जडीबुटीवाल्याने जे सांगितलं, सेन आणि बोस यांनी जे लिहिलं, विल्किन्स यांनी जे ओझरतं पाहिलं, त्याला पहिल्यांदा कडक परीक्षेत पास झाल्याचा दाखला मिळाला.

आणि जगाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

कारण तोवर वारं फिरलं होतं. वॉशिंग्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ मध्येच लिहिलं होतं की मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ रिसर्पिन घेतलेल्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना खोल उदासीने घेरलं. दुसऱ्यांनीही तसंच कळवलं. मग बेथेस्डाचा शोध त्याला जोडला गेला: रिसर्पिन सेरोटोनिन संपवतं, रिसर्पिनने खिन्नता येते, म्हणजे खिन्नता म्हणजे अशा रसायनांची टंचाई. हे गणित इतकं सुबक होतं की पुढची कित्येक वर्षं ते पाठ्यपुस्तकात बसलं. मागाहून ज्यांनी जुने रुग्ण पुन्हा मोजले त्यांना खऱ्या अर्थाने खिन्नता आलेले थोडेच सापडले. बऱ्याच जणांना नुसती सुस्ती आणि मरगळ होती, काहींना आधीपासूनच आजार होता. पण सुबक गोष्ट आणि शेजारी 'लॅन्सेट'मधली न जुळणारी चाचणी असा पेच पडला की लोक चाचणी विसरतात. शेपर्ड यांच्यासारख्या माणसाला याचं आश्चर्य वाटलं नसावं.

बाजाराने उरलेलं काम केलं. १९५५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर अमेरिकेत 'मिल्टाउन' नावाची गोळी आली. रिसर्पिनला गुण यायला दिवस लागत, हिला तासभर पुरत असे. रिसर्पिनने नाक चोंदायचं, पोट बिघडायचं, अंग जड व्हायचं. हिचं तसं काही जाणवत नसे. १९६० मध्ये 'लिब्रियम', १९६३ मध्ये 'व्हॅलियम'. तोवर चिंतेच्या रुग्णासाठी सर्पगंधेचं नाव कुणी घेत नव्हतं. त्या नव्या गोळ्यांची सवय लागते हे कळायला पुढे आणखी वर्षं जावी लागली, पण ती वेगळी गोष्ट. वेडाच्या आजारात क्लोरप्रोमझीन या दुसऱ्या औषधाने बाजी मारली. हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये रिसर्पिन प्रयोगशाळेत मुळापासून घडवून दाखवलं, रसायनशास्त्रातली ती एक थोर कामगिरी मानली जाते. घडवलेलं द्रव्य मात्र तोवर उताराला लागलं होतं.

रक्तदाबात रिसर्पिन अधिक टिकलं, आणि यातली गंमत अशी की ते टिकवलं पुन्हा फ्राइस यांनीच. १९६७ मध्ये त्यांच्या मोठ्या चाचणीने वाढलेल्या रक्तदाबावर उपचार केल्यास पक्षाघातासारखी गंभीर संकटं टळतात हे पहिल्यांदा निर्विवाद सिद्ध केलं. त्यातल्या तीन औषधांपैकी एक रिसर्पिन होतं. आपल्याकडे तसाच मिलाफ 'अ‍ॅडेल्फेन' या नावाने घराघरात पोचला. वडिलांच्या पिढीतल्या किती तरी जणांच्या उशाशी ती पट्टी असायची, आणि नाक चोंदल्याची तक्रारही. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच एका वेळी तीन अभ्यास आले की या औषधाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पुढच्या तपासण्यांत ते टिकलं नाही. बातमी मात्र आपलं काम करून गेली होती.

१९५७ चं वैद्यकातलं लास्कर पारितोषिक पाहिलं तर या सगळ्याचा ताळेबंद मिळतो. रक्तदाबासाठी सर्पगंधा जगापुढे आणली म्हणून मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांना ते मिळालं. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. मनोरुग्णांसाठी रिसर्पिन वापरलं म्हणून १९५७ मध्येच क्लाइन आणि नोस यांनाही लास्कर मिळालं. विल्किन्स यांना वर्षभराने. वकिलांचा मान पुरेपूर कमावलेला होता, त्याबद्दल वाद नाही. पण गणनाथ सेन, कार्तिकचंद्र बोस, अहमदाबादचे हकीम, यांपैकी कुणाचं नाव त्या यादीत नाही. आणि चिंतेने झुरणाऱ्या साध्या माणसासाठी सर्वांत काटेकोर चाचणी ज्यांनी केली त्या डेव्हिस-शेपर्डांचंही नाही.

मूळ अजून मिळतं. रानातून इतकं उपटलं गेलं की सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता निर्बंधांखाली आहे. मूळच हवं असल्याने संपूर्ण झुडूप जातं, आणि नवं मूळ जोम धरायला दोन-तीन वर्षं लागतात. तरी झोपेसाठी, 'टेन्शन'साठी, बीपीसाठी म्हणून चूर्ण आणि गोळ्या विकल्या जातात. विकत घेणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे: बिहारच्या आणि देहरादूनच्या मुळाचा गुण सारखा नाही हे कलकत्त्याने फार पूर्वी ओळखलं होतं. चमचाभर चूर्णात रिसर्पिन किती, हे मुळागणिक बदलतं. बीपीची, उदासीची किंवा मनाच्या कुठल्याही आजाराची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्यावाचून ते घेऊ नका, आणि आधी घेतलं असेल तर ते सांगायला विसरू नका. चूर्ण बंद केल्यावरही त्याचा अंमल बरेच दिवस शरीरात राहतो.